टाकीखालचा रविवार

बेबी बावन्न वर्षांची होती आणि तिचा धाकटा भाऊ बंड्या अठ्ठेचाळीसचा. दोघांची मिळून वयाची शंभरी भरली, तरी ही नावं काही सुटली नाहीत. बंड्या लग्न करून चार तासांवरच्या शहरात राहायला गेला. बेबी अप्पांजवळ राहिली. तसं कुणी ठरवलं नव्हतं. आई आजारी होती म्हणून ती थांबली, आई गेल्यावर अप्पा एकटे पडतील म्हणून थांबली, आणि एकदा थांबलेल्या माणसाला पुन्हा कुणी विचारत नाही, तसं तिलाही कुणी विचारलं नाही.

गावातल्या एका लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, ओळ लावायची, चावा जुळतोय का बघायचा. हात इतका बारीक की डॉक्टर अवघड तोंडं मुद्दाम तिच्याकडे पाठवायचे. घर मात्र गावापासून चौदा किलोमीटरवर, रस्ता जिथे संपतो तिथे. शेजारी एकच घर, तेही आठवड्यातून चार दिवस बंद. बस होती ती प्रवासी नाहीत म्हणून बंद झाली.

अप्पांनी चौतीस वर्षं पेट्रोलचा टँकर चालवला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. म्हणजे सगळी गेली नाही, एक शब्द राहिला. 'उद्या'. जेवणार का? उद्या. दुखतंय का? उद्या. बंड्याचा फोन आला तरी उद्या आणि डास चावला तरी उद्या. सूर तेवढा बदलायचा, आणि त्या सुरावरून बेबीनं ओळखायचं. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं जवळजवळ सगळं, फक्त बाहेर येताना शब्दांची गल्ली चुकते.

गाडी अप्पांचीच. कंपनीनं ते मॉडेल बंद करूनही वीस वर्षं झाली होती. अप्पांच्या आजारपणात ती दीड वर्ष अंगणात उभी राहिली, टाकीत तळाला थोडंसं पेट्रोल घेऊन. वरची रिकामी जागा आतून घामेजत गेली आणि गंजत गेली. हे बेबीला नंतर कळलं. बस बंद झाली तेव्हा तिनं नवी बॅटरी घातली, गाडी सुरू झाली, तिला वाटलं सुटलो.

कसलं सुटणं! पाच-सहा किलोमीटर गेलं की गाडी आचके द्यायची आणि बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, पुन्हा आचके. एकदा अप्पांना व्यायामाच्या दवाखान्यात नेताना ती ऐन चढावर बंद पडली. मागे गाड्यांची रांग, सगळ्यांचे हॉर्न, आणि शेजारच्या सीटवर अप्पांची पँट ओली झालेली. तब्बल चाळीस मिनिटं ती स्टिअरिंगला धरून बसली होती. ना पुढे, ना मागे.

गॅरेजवाल्यानं फिल्टर काढून तळहातावर आपटला. तांबूस भुकटी पडली.

"ही बघा चहापत्ती," तो म्हणाला. "टाकी गंजलीय आतून."

"मी तीनदा फिल्टर बदललाय."

"ताई, पोट बिघडलंय आणि तुम्ही तोंड पुसताय. टाकी उतरवून साफ करायला पाहिजे. पण माझ्याकडे लिफ्ट एकच, त्यावर एक गाडी पोट फाडून पडलीय. दोन महिने तरी नाव काढू नका. टाकी उतरवून आणून दिलीत, तर साफ करून लेप मारून देतो."

बंड्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "घाल ना भंगारात."

"आणि अप्पांना दवाखान्यात कशावर नेऊ? तुझ्या सल्ल्यावर बसवून?"

तो हसला. तो नेहमीच हसायचा, आणि हसून झालं की फोन ठेवायचा.

म्हणून त्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, बेबी स्वतःच कामाला लागली. लहानपणी अप्पांच्या हाताखाली पाने देत ती वाढली होती, त्यामुळे अगदीच आंधळा कारभार नव्हता. अप्पांना तिनं अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, चौपायी काठी हाताशी ठेवली. बॅटरीची तार काढली. हातपंपानं टाकीतलं पेट्रोल डब्यात ओढलं. तळाचं चार-पाच लिटर काही येईना आणि खालचं बूच गंजून जाम झालेलं, म्हणून तेवढं तसंच राहू दिलं. मागची बाजू जॅकवर उचलली, आणि जॅकवर विसंबू नये म्हणून स्टेपनी काढून गाडीच्या कडेखाली आडवी सरकवली. सगळं नीट केलं. फक्त जॅक ठेवला तो अंगणातल्या एका फरशीवर, आणि त्या फरशीखालची माती पोकळ होती. ते तिला माहीत नव्हतं.

ती पाठीवर झोपून आत सरकली. टाकी दोन लोखंडी पट्ट्यांवर टांगलेली. पहिल्या पट्ट्याचा बोल्ट तेल मारून मारून निघाला. तशी टाकी एका अंगाला झुकली. दुसरा बोल्ट हलेना. तिनं पान्याला पाइप जोडला आणि जोर लावला.

"उद्या," अप्पा म्हणाले.

"आलेच हं अप्पा."

"उद्या! उद्या!"

आवाज चढला होता. एरवी तिनं सूर ओळखला असता. पण त्या क्षणी तिला फक्त शब्द ऐकू आला, आणि तो शब्द तिनं जन्मभर ऐकला होता. तिच्या लग्नाचं बघू उद्या. मोठ्या लॅबचं बोलावणं आलंय ना, कळवू उद्या.

"उद्या नाही अप्पा," ती खालून ओरडली, "आजच. आत्ता!"

आणि तिनं पाइपला हिसका दिला. पाना सटकला, गाडी हलली, फरशी मधोमध फुटली आणि जॅक कलंडला.

आवाज फार मोठा झाला नाही. गाडी स्टेपनीवर बसली, त्यामुळे जीव वाचला. पण टाकीचा झुकलेला कोपरा तिच्या डाव्या खांद्यावर आला आणि खांदा जमिनीशी खिळला. आत काहीतरी कट्‌कन तुटलं. वाळकी काटकी मोडते तसा आवाज. मग काही वेळ तिला श्वासच घेता आला नाही.

श्वास आला तेव्हा पेट्रोलचा वास घेऊन आला. निखळलेल्या नळीतून थेंब थेंब पेट्रोल तिच्या बाहीवर पडत होतं. आधी गार लागलं, मग चुरचुरायला लागलं. तिनं सरकून बघितलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. उजवा हात मोकळा होता, पण त्यानं गाडी थोडीच उचलली जाते!

"अप्पा! ऐकू येतंय का? मी अडकलेय. जिवंत आहे, पण अडकलेय."

"उद्या," अप्पा म्हणाले. अगदी हळू.

गाडीखालून तिला जगाची वीतभर उंचीची पट्टी दिसत होती. फुटकी फरशी, पान्यांचा डबा, खुर्चीचे चार पाय आणि अप्पांच्या सपाता. ती ओरडली. "कुणी आहे का?" शेजारचं घर बंद होतं, तरी ओरडली. घसा सुकला तेव्हा थांबली.

"अप्पा, नीट ऐका. फोन ओट्यावर आहे. मिक्सरच्या बाजूला. आणता येईल? भिंतीला धरून जा. पडायचं नाही हं. तुम्ही पडलात तर दोघं गेलो."

अप्पा तिचा हात धरून कसेबसे वीस पावलं चालायचे. एकट्यानं ते झटक्यानंतर कधीच उठले नव्हते. खुर्ची करकरली. काठीचे चार पाय जमिनीवर टेकले. एक सपात उचलली गेली, दुसरी घासत गेली. टेक, पाऊल, घास. टेक, पाऊल, घास. पायरीपाशी बराच वेळ काहीच हललं नाही. मग सपाता दिसेनाशा झाल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. उन्हाची तिरीप गाडीखाली शिरली होती ती तिच्या हनुवटीपर्यंत आली. वासानं डोकं जड व्हायला लागलं. ती मनात दात मोजायला लागली, वरचे, खालचे, सुळे, दाढा. डावा हात हलवून बघितला; करंगळी हलली, अंगठा हलला, मधली बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी पडून होती. हात गेला तर काम गेलं. काम गेलं तर हेच घर, हेच अंगण, हीच खुर्ची, दिवसाचे चोवीस तास.

टेक, पाऊल, घास. अप्पा परत आले. काहीतरी तिच्या उजव्या हाताजवळ जमिनीवर पडलं. तिनं चाचपून जवळ ओढलं.

टीव्हीचा रिमोट.

ती आधी हसली. खांदा दुखला तरी हसली. मग हसण्याचं कधी रडणं झालं ते कळलं नाही.

"अप्पा, हा रिमोट हो! फोन सांगितला होता, फोन!"

तिला वाटलं ते पुन्हा आत गेले. ती टाकीच्या गंजक्या पत्र्याकडे बघत होती, नाकापासून चार बोटांवर, आणि त्या पत्र्यालाच सांगितल्यासारखी बोलायला लागली.

"मला कंटाळा आलाय. मला तुमचा कंटाळा आलाय अप्पा. सकाळी उठवा, धुवा, भरवा. लॅबमध्ये बसलं तरी घड्याळाकडे डोळे. मोठ्या लॅबनं दोनदा बोलावलं, दोनदा नाही म्हटलं. बंड्या हसतो आणि फोन ठेवतो. तुम्ही त्याच वेळी गेला असतात ना, आईच्या मागोमाग, तर मी..."

तिनं मान वळवली. अप्पांच्या सपाता तिथेच होत्या. हललेल्याच नव्हत्या.

टाकीतून थेंब पडत राहिला. तिला म्हणायचं होतं, तसं नाही अप्पा. पण तसंच होतं, आणि उताणं पडून मान वाकडी करून खोटं बोलण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं.

सपाता वळल्या. घराकडे नाही, मागच्या पत्र्याच्या खोलीकडे. तिकडे जमीन उंचसखल, दगडगोट्यांची.

"अप्पा, तिकडे नका! पडाल! अप्पा!"

टेक, पाऊल, घास. मग शांतता. मग पत्र्याच्या खोलीतून लोखंड कोसळल्याचा आवाज आला, डबे गडगडले, आणि पुन्हा शांतता. बेबीनं डोळे मिटले. आता ते तिकडे पडलेत आणि मी इथे, असं तिला अगदी स्पष्ट दिसलं. सोमवारी लॅबवाले फोन करतील, मंगळवारी कुणीतरी येईल.

पण मग घासल्याचा आवाज आला. सपातेचा नाही. जड काहीतरी ओढत आणल्याचा. अप्पांनी टँकरवरचा जुना, बाटलीसारखा उभा जॅक काढला होता. दोन मुठींएवढा जाड, अर्धा मण वाटावा असा. एका पोत्यात घालून पोत्याचं तोंड त्यांनी डाव्या मनगटाला गुंडाळलं होतं आणि काठीही त्याच हातात. एक पाऊल टाकायचे, काठी रोवायचे, पोतं ओढायचे. पंचवीस पावलांचं अंतर. तिला बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं, म्हणून ती बघत राहिली. गुडघ्याला खरचटून रक्त येत होतं, ते पायजम्यावरून खाली उतरलं होतं.

गाडीपाशी आल्यावर अप्पांनी काठी सोडली आणि सरळ खाली बसकण मारली. पडलेच म्हणायचं. मग कुशीवर लवंडले, आणि दोन तासांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा तिला दिसला. गाल मातीनं माखलेला, एका बाजूला ओघळलेला, डोळे मात्र तिनं लहानपणी पाहिलेले. टँकरखाली शिरून गळती शोधणाऱ्या माणसाचे.

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. आधी स्टेपनी बघितली, मग टाकी, मग मागचा अ‍ॅक्सल.

"कडेला लावा, इकडे," बेबी म्हणाली. "दाराखाली."

अप्पांनी मान हलवली. नाही.

"अहो जुन्या जॅकची जागा तीच आहे!"

त्यांनी पाना उचलला आणि अ‍ॅक्सलवर ठणठण वाजवला. इथे. ती चिडली, मग तिच्या लक्षात आलं. कडेला पत्रा गंजलेला, पुन्हा दबला असता. अप्पांनी पोत्यातूनच आणलेला जुन्या फळीचा तुकडा आधी सरकवला, हातानं दाबून जमीन तपासली, फळी वीतभर बाजूला घेतली, पुन्हा दाबली, मग जॅक ठेवला. एकटा डावा हात. दांडी भोकात बसेना. एकदा, दोनदा, पाचदा. बेबीनं उजवा हात लांबवून जॅकचं भोक त्यांच्याकडे फिरवलं. दांडी बसली.

अप्पांनी दांडी दाबली.

"एक," ते म्हणाले.

बेबीला वाटलं भास झाला.

"दोन. तीन. चार."

दोन वर्षांत न आलेले शब्द एकामागोमाग एक येत होते, जड पण स्वच्छ. बाराव्याला जॅक अ‍ॅक्सलला टेकला. पंधराव्याला गाडी कण्हली. एकोणिसाव्याला खांद्यावरचं वजन केसभर हललं आणि अशी कळ आली की बेबी किंचाळली. अप्पा थांबले नाहीत. "वीस. एकवीस." बाविसाव्याला टाकी वर गेली, आणि बेबी उजव्या टाचेनं आणि उजव्या कोपरानं स्वतःला ढकलत, सापासारखी सरपटत बाहेर आली.

ती बाहेर आल्यावरही अप्पा तीसपर्यंत मोजत राहिले. मग दांडी सोडली.

फोन तिनंच जाऊन आणला. ओट्यावरच होता, मिक्सरच्या बाजूला. अँब्युलन्सला यायला पाऊण तास लागला. तोवर दोघं अंगणात जमिनीवरच बसून होते, कारण अप्पांना उठता येत नव्हतं आणि तिला त्यांना उठवता येत नव्हतं. तिनं भिजलेली बाही पाण्यानं धुतली. काही बोलावं असं तिच्या फार मनात आलं. पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

अँब्युलन्सचा माणूस उतरला, रक्ताळलेला म्हातारा आणि लटकत्या हाताची बाई बघून गोंधळला. "पेशंट कोण?"

"उद्या," अप्पा म्हणाले.

खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. बोटांतली संवेदना चार दिवसांत परत आली. बंड्या त्याच संध्याकाळी पोचला. हसायचं विसरला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं गॅरेजवाल्याला घरी बोलावलं, दोघांनी मिळून टाकी खाली काढली. गॅरेजवाला अंगण बघून म्हणाला, "ताई, उतरवून आणा म्हटलं ते एखादा माणूस लावून म्हणालो होतो हो!" आणि बराच वेळ मान खाली घालून टाकी पुसत राहिला.

टाकी तो घेऊन जाणार होता, पण अप्पांनी तिच्यावर हात ठेवला आणि उचलू दिली नाही. मग लेप तेवढा त्यानं लावायचा आणि साफसफाई घरी, असं ठरलं. पाण्यानं चारदा धुऊन, उन्हात उघडी ठेवून, वास जाईपर्यंत थांबले. मग आत सायकलची जुनी साखळी, मूठभर बारीक खडी आणि व्हिनेगर घालून तोंड बंद केलं. टाकी पोत्यावर ठेवली. एका बाजूनं बेबीचा उजवा हात, दुसऱ्या बाजूनं अप्पांचा डावा. इकडे लोट, तिकडे लोट. तीन दिवस अंगणात नुसता खडखडाट. आतून पाणी निघालं ते विटेच्या रंगाचं, मग फिकं, मग जवळजवळ नितळ. दोन बारीक भोकं उघडी पडली, ती गॅरेजवाल्यानं बुजवली.

त्या तीन दिवसांत अप्पा मोजायचे. वीस, तीस, शंभर. आकडे यायचे, बाकी काही यायचं नाही.

टाकी बसली, गाडी सुरू झाली, बंड्यानं गावापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. कुठे आचका नाही. बंड्या पुढच्या सोमवारी परत जाणार होता, ज्या गाडीनं आला होता त्या स्वतःच्या गाडीनं. सकाळी बेबी आवरून बाहेर आली तर अप्पा बंड्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेले. मांडीवर कपड्यांची पिशवी. ती त्यांनी स्वतः भरली होती. वर दोन सदरे, एक सपात आणि टीव्हीचा रिमोट.

"अप्पा, कुठे निघालात?" बंड्यानं विचारलं.

अप्पांनी त्याच्या छातीवर बोट टेकवलं.

बंड्यानं बेबीकडे बघितलं. "तू सांगितलंस त्यांना?"

"नाही," ती म्हणाली. आणि मग, कारण हे पूर्ण खरं नव्हतं, म्हणाली, "तसं नाही."

ते दुखावून निघाले होते की तिला मोकळं करायला, हे तिला तेव्हा कळलं नाही. तिनं रिमोट काढून घेतला, दुसरी सपात आणि औषधांचा डबा पिशवीत घातला, कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर ते बंड्याला दोनदा सांगितलं. ती थांबवेल असं बंड्याला वाटत होतं. तिलाही वाटत होतं. तिनं दार लावून दिलं.

गाडी गेल्यावर ती घरात आली. कुणाला उठवायचं नव्हतं, भरवायचं नव्हतं. ती अप्पांच्या पलंगावर बसली आणि जेमतेम आडवी होते तोच तिचा डोळा लागला. दुपार उलटून गेल्यावर जाग आली तेव्हा छातीवर काहीतरी ठेवलंय असं वाटून ती दचकून उठली. कुणी नव्हतं. गळ्यातल्या झोळीत अडकवलेला तिचाच हात होता.

अप्पा तीन महिने बंड्याकडे राहिले. वहिनी पहिल्या आठवड्यात रोज फोन करायची, नंतर फोन कमी झाले. बेबी मोठ्या लॅबला जाऊन भेटून आली. त्यांनी आठवड्यातून तीन दिवसांचं काम दिलं. एका रविवारी ती अप्पांना भेटायला गेली. बंड्याच्या गॅलरीत दोघं बसले होते.

"अप्पा, त्या दिवशी मी खालून जे बोलले ना..." तिनं सुरुवात केली.

अप्पांनी तिचा डावा हात हातात घेतला. मनगटाला धरून हळूहळू वर उचलला, गाडीचा सांधा तपासावा तसा, कुठे अडतोय ते बघत. खांद्याच्या उंचीला तो अडला. तिनं ओठ चावले. त्यांनी तिथेच थोडा वेळ धरून ठेवला, मग अलगद खाली आणला, आणि पुन्हा उचलला.